सांधणी

जुना बीम संपतो तेव्हा
कुणी माग मोडत नाही.
हातभर शेपूट मागे राहतं, तेलकट, रंग उडालेलं,
राचेतून, फणीतून आधीच ओवलेलं.
त्याच्याच एकेका दोऱ्याला
नव्या बीमचा एकेक दोरा.
चिमटीत राख, एक पीळ, एक गाठ.
दोन हजार चारशे वेळा.
हे माझं काम,
अक्कलकोट रोडला, म्याकल शेठच्या कारखान्यात.

योना परत आला त्या मंगळवारी
मी चौदाशेव्या गाठीवर होते.
दारात उभा, हातात सुरतेच्या कुठल्याशा दुकानाची पिशवी.
तीन वर्षं.
नरसम्मा तेलुगूत काहीतरी पुटपुटली,
मला कळलं तेवढं पुरे होतं.
मी मान वर केली नाही.
मोजणी चुकली असती.

रात्री म्हणाले, नावाला जागलास.
पण तो तर तीन दिवसांत बाहेर आला होता.
योना म्हणाला, माझा मासा मोठा होता.
मग भाकरी मोडली, शेंगाचटणीवर तेल मागितलं,
जसा काही कालच ताटावरून उठला होता.
मी वाढलं. क्षमा म्हणून नव्हे,
बाटली माझ्या हाताशी होती म्हणून.

शुक्रवारी बारा ते तीन उपासना.
लाईट गेलेली, पंख्यांची पाती ताठ,
वचनांच्या मधल्या शांततेत नुसता पुठ्ठ्यांनी वारा घालण्याचा आवाज.
योना शेवटच्या बाकावर. चेहरा ओला,
घामानं की कशानं, मी वळून तपासलं नाही.
बाहेर पाळकबाईंनी माझा हात धरला,
सुगंधा, नवी सुरुवात झाली बघ, मागचं सगळं पुसलं.
मी हो म्हटलं.
मागचं पुसायचं म्हणजे
रात्री दोनला रिक्षात मांडीवर तापलेली पोरही पुसायची.
ती कशी पुसू?

शनिवारी पाचव्या दिवसाचं पाणी आलं, अडीच वाजता.
जाग आली ती नळाच्या आवाजानं नाही,
मला कुणी उठवलं नाही म्हणून.
पिंप भरलेलं, घागरी, टोप, कुकर,
चहाचं पातेलंसुद्धा.
उंबऱ्यापाशी तेलाचा पाच लिटरचा कॅन,
घासून, धुऊन, काठोकाठ.
हा कशाला?
तिला, तो म्हणाला.
मग खूप वेळानं,
कुठं ठेवलंय तिला, ते तू दाखव.

उजाडायच्या आत कब्रस्तानात मेणबत्त्या पेटल्या होत्या.
काल दिलेला चुना अजून ओलसर,
बायकांच्या पदरांना लागत होता.
आम्ही दोघं चालत होतो, मध्ये तो कॅन,
आणि दगड कोण सरकवेल
हे दोघांनाही माहीत नव्हतं.

गुडघ्याएवढा क्रूस. काळ्या रंगात, जरा वाकडी अक्षरं.
तबिथा योना उमाप.
वय वर्षं चार.
त्यानं ते वाचलं.
बोटानं मधल्या शब्दावर थांबला.
पेंटरनं तेव्हा विचारलं होतं,
बाई, बापाचं नाव घालायचं की गाळायचं?
मी का म्हणाले, घाल, ते मला आजही नीट सांगता येत नाही.
रागात माणूस नावं खोडतो.
माझा हात त्या दिवशी फार थकला होता,
किंवा दुसऱ्या कुणी धरला होता.

त्यानं पाणी ओतलं. मातीनं आवाज करत प्यायलं.
कुणीतरी जाता जाता म्हणालं, प्रभू उठला आहे.
खरोखर उठला आहे, योना म्हणाला,
आणि 'खरोखर'मध्ये त्याचा आवाज तुटला.
मी म्हटलं, पण जरा उशिरा.

सोमवारी राहिलेल्या गाठी मारल्या.
नरसम्माचा हात बटणाकडे गेला.
थांब बे, म्हटलं.
गाठी राचेतून, फणीतून पार होईपर्यंत
माग हातानंच फिरवायचा असतो,
बोटबोट, श्वास धरून.
घाई केली की सगळं एकदम तुटतं.
पहिली वीतभर वीण गाठाळच निघते,
शेठ ती विकत नाही, पुसायला देतो.
त्यानंतर कापड.

घरी तो कांदा चिरत असेल आता, जाड जाड, येत नाही त्याला.
मी चाक धरलंय.
गाठी अजून फणीत आहेत.